गोठ्यातल्या साथरोगांचा हिशेब: पैसा कुठे घालायचा आणि कुठवर

रोगावर झालेला खर्च सगळ्यांना दिसतो. डॉक्टरांची फी, इंजेक्शनं, सलाईन, लसीचे पैसे हे सगळं वहीत उतरतं. रोगामुळे न मिळालेलं दूध, दोन माज उलटल्यामुळे लांबलेलं वेत, हगवणीतून वाचलेलं पण खुरटलेलं वासरू यांची मात्र कुठेच नोंद होत नाही. म्हणून लस महाग वाटते आणि सुप्त कासदाह, म्हणजे कासेचा वरून न दिसणारा संसर्ग, फुकट वाटतो. ही न दिसणारी बाजू हिशेबात कशी आणायची आणि त्यावरून पैसा आधी कुठे घालायचा, ते इथे क्रमाने मांडतो. वीस जनावरांच्या गोठ्याला आणि दोनशेच्या फार्मला रीत एकच आहे.

ब्रिटिश कृषी अर्थतज्ज्ञ जॉन मॅकइनर्नी यांनी १९९० च्या दशकात हा विषय फार साध्या रूपात मांडला. रोगाची एकूण किंमत म्हणजे रोगाने झालेलं नुकसान अधिक तो आटोक्यात ठेवायला केलेला खर्च. खर्च वाढवला की नुकसान घटतं, पण सारख्या वेगाने नाही. सुरुवातीचा थोडा खर्च मोठं नुकसान टाळतो, नंतरचा तेवढाच खर्च कमी टाळतो, आणि एका टप्प्यानंतर घातलेला पैसाही परत येत नाही. आपल्याला शोधायचा आहे तो हा टप्पा. "या रोगामुळे एकूण किती नुकसान होतं?" हा आकडा बातमीला बरा. गोठेवाल्याच्या कामाचा प्रश्न वेगळा आहे: यातलं किती नुकसान मी टाळू शकतो, आणि ते टाळायला किती लागेल?

पहिली पायरी: रोगांची वाटणी करा

सगळ्या रोगांना एकच हिशेब लावला की निर्णय चुकतात. मी तीन गट करतो.

पहिला गट कायम मुक्कामी असलेल्या रोगांचा: कासदाह, वासरांची हगवण, गोचिडांमुळे येणारे ताप. हे शून्यावर आणणं बहुतेक गोठ्यांना परवडत नाही. ते परवडेल इतक्या खालच्या पातळीवर ठेवायचे असतात.

दुसरा गट बाहेरून येऊन एकदम तडाखा देणाऱ्यांचा: लाळ्या-खुरकूत, घटसर्प, लम्पी. चार वर्षं काहीच होत नाही, पाचव्या वर्षी पंधरा दिवसांत गोठा बसतो. यांचा हिशेब विम्यासारखा, म्हणजे शक्यता गुणिले फटका, असा करायचा.

तिसरा गट घरात लपून राहणाऱ्यांचा: ब्रुसेलोसिस म्हणजे सांसर्गिक गर्भपात, क्षयरोग, जोन्स रोग म्हणजे आतड्याचा जुनाट संसर्ग, बोव्हाइन व्हायरल डायरिया म्हणजे बीव्हीडी. बाधित जनावर वरून धडधाकट दिसतं आणि वर्षानुवर्षं रोग पसरवत राहतं. यांच्या बाबतीत "थोडा कमी झाला" याला फारसा अर्थ नसतो. एकदा पूर्ण बाहेर काढला की दरवर्षीचं नुकसान थांबतं, म्हणून इथे सुरुवातीचा मोठा खर्च बऱ्याचदा परवडतो. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी १९९३-९४ च्या सुमारास बीव्हीडीविरुद्ध मोहीम उघडली ती याच विचाराने, आणि तीही लस न वापरता. गाभणकाळाच्या पहिल्या चारेक महिन्यांत गर्भाला हा विषाणू लागला तर जन्मणारं वासरू जन्मभर विषाणू सांडत राहतं. अशी मोजकी जनावरं शोधून काढली की साखळी तुटते. खर्च चाचणीचा आणि त्या थोड्या जनावरांचा, तोही ठरावीक मुदतीपुरता.

दुसरी पायरी: पाच नोंदी

हिशेबासाठी संगणक लागत नाही, नोंद लागते. प्रत्येक जनावरामागे पाच गोष्टी लिहा: विण्याची तारीख, रेतनाच्या तारखा, दुधाचा आकडा (रोज शक्य नसेल तर महिन्यातून एकदा दोन्ही वेळचं मोजून), आजार आणि औषध, आणि जनावर गोठ्यातून गेलं तर कधी व का गेलं. शेवटची नोंद बहुतेक ठिकाणी नसते, आणि खरं तर तीच सगळ्यात जास्त सांगते. तीन वर्षांत गेलेल्या गायींपुढे "कास खराब", "गाभण राहत नाही", "गाभडली" यांपैकी काय जास्त वेळा लिहिलंय हे पाहिलं, की पैसा कुठून गळतोय ते कळतं.

कासदाहाची नोंद सडानुसार ठेवा. तोच सड पुन्हा पुन्हा येत असेल तर तो जुनाच संसर्ग आहे. दर वेळी वेगळ्या गायीचा वेगळा सड येत असेल तर दोष बसण्याच्या जागेत किंवा धार काढण्याच्या पद्धतीत शोधा. या दोन्हींवरचा खर्च पूर्णपणे वेगळा आहे.

तिसरी पायरी: सगळं लिटरात मोजा

दुधाचा भाव बदलतो, औषधांचे दर बदलतात, त्यामुळे जुना हिशेब निरुपयोगी होतो. माझी सूचना अशी की प्रत्येक खर्च आणि प्रत्येक नुकसान दुधाच्या लिटरात बदलून घ्या. डॉक्टरांची एक भेट म्हणजे किती लिटर दूध, कालवड मोठी करायला किती लिटर लागले, भाकड गायीचा एक दिवस किती लिटरचा. एकदा हे परिमाण अंगवळणी पडलं की लस घ्यायची की नाही यावर गोठ्यातच उभं राहून बोलता येतं.

नुकसान मोजताना या जागा विसरू नका: आजारपणातलं घटलेलं दूध, बरं झाल्यावरही त्या वेतात न भरून आलेलं दूध, औषधाच्या मुदतीत फेकून दिलेलं दूध, मेलेली जनावरं, गर्भपात, लांबलेला भाकडकाळ, वासरांची खुंटलेली वाढ, वेळेआधी काढावी लागलेली गाय, आणि घरच्या माणसांचे गेलेले तास. लाळ्या-खुरकुतीतून उठलेल्या काही जनावरांना पुढे ऊन सोसत नाही, ती धापा टाकत राहतात. हेही नुकसानच आहे, फक्त ते रोगाच्या नावावर कुणी मांडत नाही.

एक गोष्ट वजाही करायची असते. दूध घटलेली गाय खातेही कमी. वाचलेला खुराक वजा केला नाही तर नुकसान फुगतं, आणि फुगलेल्या आकड्यावर घेतलेला निर्णय टिकत नाही.

चौथी पायरी: चार रकान्यांचा हिशेब

याला अर्थशास्त्रात आंशिक अंदाजपत्रक म्हणतात. सगळ्या गोठ्याचा ताळेबंद न मांडता फक्त या निर्णयामुळे काय बदलतं तेवढंच लिहायचं. एका बाजूला वाढलेलं उत्पन्न आणि वाचलेला खर्च, दुसऱ्या बाजूला वाढलेला खर्च आणि घटलेलं उत्पन्न. पहिली बेरीज मोठी असेल तर निर्णय परवडतो.

लाळ्या-खुरकुतीच्या लसीचं उदाहरण पूर्ण करून दाखवतो. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, तिथे स्वतःचे घाला.

वीस दुभत्या गायी, दहा लहान जनावरं. लस नसताना साथ चार वर्षांतून एकदा येते असं धरू, म्हणजे वर्षाला २५ टक्के शक्यता. साथीत १४ गायी आजारी पडतात. प्रत्येकीचं २० दिवस रोजचं ६ लिटर आणि पुढचे १०० दिवस रोजचं २ लिटर दूध घटतं, म्हणजे गायीमागे ३२० आणि एकूण ४,४८० लिटर. त्यातून न खाल्लेल्या खुराकापोटी पाव भाग, १,१२० लिटर, वजा करू, राहिले ३,३६०. तीन वासरं दगावली, प्रत्येकी ४०० लिटर, म्हणजे १,२००. औषधपाण्याचे गायीमागे ६० प्रमाणे ८४०. दोन गायी गाभडल्या, प्रत्येकी १,५००, म्हणजे ३,०००. उरलेल्या १२ गायींचं गाभण राहणं महिनाभर लांबलं, दिवसाला ४ लिटरप्रमाणे १,४४०. गाभडलेल्या दोघी या शेवटच्या बेरजेत पुन्हा धरलेल्या नाहीत, कारण एकच नुकसान दोनदा मोजणं ही या हिशेबातली नेहमीची चूक आहे. सगळं मिळून ९,८४० लिटर. वर्षाला २५ टक्के शक्यता धरली तर सरासरी वार्षिक नुकसान २,४६० लिटर.

आता लस. तीस जनावरं, वर्षातून दोनदा, डोसमागे ३ लिटर, म्हणजे १८०. लसीनंतर एकदोन दिवस दूध थोडं उतरतं. वीस गायींचं दिवसाला एक लिटर, दोन दिवस, दोन वेळा, म्हणजे ८०. एकूण २६० लिटर. लस शंभर टक्के वाचवत नाही, म्हणून नुकसान फक्त ७० टक्के टळतं असं धरू: १,७२२ लिटर. खर्च वजा जाता वर्षाला १,४६२ लिटर हातात राहतात.

पण मला या सरासरीपेक्षा पुढचा आकडा जास्त मोलाचा वाटतो. साथ किती वर्षांनी येते याबद्दल कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून प्रश्न उलटा विचारा: साथ किती विरळ असेल तर लस परवडेनाशी होईल? एका साथीत लसीने वाचतात ६,८८८ लिटर, आणि वर्षाचा खर्च २६०. भागाकार केला तर उत्तर येतं सुमारे २६ वर्षं. म्हणजे साथ २६ वर्षांतून एकदाच येईल अशी खात्री असेल तरच लस टाळणं फायद्याचं. शक्यता चार वर्षांतून एक की दहा वर्षांतून एक यावरचा वाद इथे संपतो, कारण दोन्हीकडे निर्णय तोच राहतो. ज्या हिशेबात उंबरठ्याचा आकडा आपल्या अंदाजाच्या अगदी जवळ येतो, तिथेच जास्त माहिती मिळवण्यावर वेळ घालवा.

हा हिशेब लस नीट दिली गेली तरच खरा. लाळ्या-खुरकुतीच्या विषाणूचे सात प्रकार आहेत, एका प्रकाराची लस दुसऱ्यापासून वाचवत नाही, आणि नेहमीच्या लसीचं संरक्षण काही महिन्यांत उतरतं. म्हणून पहिल्यांदा दिल्यावर बूस्टर आणि पुढे साधारण सहा महिन्यांनी डोस. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. बर्फाला चिकटून गोठलेली तेलयुक्त लस बाटलीत तशीच दिसते, पण कामाची राहत नाही. शीतसाखळी तुटली की खर्चाचा रकाना भरतो आणि फायद्याचा रिकामा राहतो.

पाचवी पायरी: आधी स्वस्त उपाय संपवा

खर्चाचा क्रम लावताना लिटरामागे सगळ्यात जास्त वाचवणारे उपाय वर घ्या. माझ्या मते पहिल्या तीन जागा जवळपास कुठल्याही गोठ्यात याच राहतील.

वेगळं बांधणं. विकत आणलेलं जनावर तीन ते चार आठवडे मूळ गोठ्यापासून दूर ठेवायचं, त्याचं पाणी-वैरण आणि भांडी वेगळी, त्याचं काम सगळ्यात शेवटी. या काळात ब्रुसेलोसिस आणि क्षयाची चाचणी. दुसऱ्या-तिसऱ्या गटातले बरेच रोग गोठ्यात विकतच येतात, त्यामुळे इथला खर्च दोन्ही गटांवर एकदम काम करतो.

चीक. वासराला पहिल्या काही तासांत त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास चीक पाजा. आतड्यातून प्रतिपिंडं शोषण्याची ताकद जन्मापासूनच उतरत जाते आणि चोवीस तासांत जवळपास संपते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोट भरतो, संरक्षण देत नाही. खर्च जवळजवळ शून्य, आणि बदल्यात हगवण व न्यूमोनियावरची पुढची बरीच औषधं टळतात.

धारेनंतर सड बुडवणं. सडाचं तोंड धारेनंतर काही वेळ उघडं राहतं. जंतुनाशकात बुडवायला गायीमागे काही सेकंद लागतात. धार झाल्याबरोबर पुढ्यात वैरण टाकली तर गाय उभी राहते आणि तेवढ्यात सड मिटतो.

कासदाहाबद्दल थोडं जास्त

सगळ्या संसर्गांत दुधाच्या धंद्याला सतत पोखरणारा हाच. गाठी आलेलं दूध, सुजलेली कास दिसते तो त्याचा लहान भाग; मोठा भाग सुप्त असतो, दूध दिसायला स्वच्छ आणि धार कमी. दुधातल्या कायिक पेशींची (मुख्यतः संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) संख्या मिलिलिटरमागे दोन लाखांच्या वर असेल तर कासेत संसर्ग आहे असं धरायला हरकत नाही. प्रयोगशाळा जवळ नसेल तर कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट करा. चार खळग्यांच्या ताटलीत चारही सडांच्या धारा वेगवेगळ्या घ्या, तेवढंच चाचणीचं द्रावण ओता, ताटली हलकी गोल फिरवा. निरोगी सडाचं दूध पाण्यासारखं वाहत राहतं. बाधित सडाचं घट्ट होतं आणि जास्त संसर्ग असेल तर मधोमध गोळा होऊन चिकटतं. महिन्यातून एकदा सगळा गोठा तपासायला थोडाच वेळ लागतो, आणि कुठल्या गायीचा कुठला सड किती दिवस तसाच आहे याचा नकाशा तयार होतो.

१९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या संशोधकांनी कासदाहासाठी पाच कलमी पद्धत बसवली: धारेनंतर सड बुडवणं, आजारी सडावर लगेच उपचार आणि नोंद, आटवताना (विण्याआधी धार बंद करताना) प्रतिजैविक, सतत बाधित राहणारी गाय काढणं, आणि दूधयंत्राची नियमित तपासणी. आजही पाया तोच आहे. बदल एक झाला आहे: आटवताना सरसकट सगळ्या गायींना प्रतिजैविक न देता चाचणीत बाधित निघालेल्यांनाच द्यायचं. यात औषधाचा खर्च वाचतो आणि जंतू औषधाला निर्ढावण्याचा वेगही मंदावतो. निर्ढावलेल्या जंतूची किंमत तुमच्या वहीत येत नाही, ती सगळ्यांना मिळून भरावी लागते.

स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूच्या संसर्गाने जुना झालेला सड औषधाने क्वचितच बरा होतो. तिसऱ्यांदा सडात औषधाची ट्यूब सोडण्याआधी विचारा: ही गाय पुढच्या वेतात किती देईल, तिच्या जागी कालवड उभी करायला किती लागेल, आणि तोवर तिच्यामुळे शेजारच्या दावणीतल्या किती गायी बाधित होतील? शेवटचा आकडा धरला की उत्तर बऱ्याचदा बदलतं. ती गोठ्यात राहणारच असेल तर धार सगळ्यात शेवटी काढा.

सहावी पायरी: चाचणी आणि जनावर काढणं

तिसऱ्या गटात सगळा हिशेब चाचणीवर उभा असतो, आणि चाचणीचा निकाल वाचताना घाई महागात पडते. समजा शंभर जनावरांत दोनच खरोखर बाधित आहेत, आणि चाचणी निरोगी जनावरांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर निरोगी सांगते. मग ९८ निरोगींपैकी पाच चुकून बाधित ठरतील. म्हणजे बाधित म्हणून आलेल्या सातांपैकी पाच निर्दोष. इथे दुसऱ्या, जास्त नेमक्या चाचणीचा खर्च पाच चांगल्या गायींच्या किमतीपुढे काहीच नाही. उलट गोठ्यात रोग पसरलेला असेल तर तीच पहिली चाचणी पुरेशी विश्वासार्ह ठरते. चाचणी तीच, पण रोगाच्या प्रमाणानुसार तिच्या निकालाचं वजन बदलतं.

ब्रुसेलोसिसची एस-१९ लस कालवडींनाच देतात, साधारण चार ते आठ महिन्यांच्या वयात, एकदाच. मोठेपणी दिली तर रक्तचाचणीत ती जनावरं बाधित दिसू शकतात आणि गाभण गाय गाभडूही शकते. ही जिवंत लस आहे, टोचताना माणसाला लागली तर आजार होतो; गाभडलेल्या गायीची वार आणि गर्भ उघड्या हातांनी हाताळणं तर सरळ धोक्याचं. कच्च्या दुधातूनही हा रोग घरात येतो. माणसाच्या महिनोन्‌महिने चालणाऱ्या तापाची आणि सांधेदुखीची किंमत गोठ्याच्या हिशेबात धरली, तर लसीबद्दल शंका घ्यायला जागाच उरत नाही.

सातवी पायरी: शेजाऱ्याचा गोठा

इथवर हिशेब एका गोठ्याचा होता. पण मी लस दिली तर शेजाऱ्याचीही जोखीम घटते, आणि त्याचा मोबदला मला मिळत नाही. मी आजार लपवला तर त्याचं नुकसान होतं, आणि ते मला भरावं लागत नाही. प्रत्येकाने फक्त आपला हिशेब केला तर सगळे मिळून गरजेपेक्षा कमी खर्च करतात. एक बाधित जनावर सरासरी पाच जनावरांना रोग देत असेल, तर साथ थांबवायला ८० टक्के जनावरांत प्रतिकारशक्ती हवी. ही टक्केवारी एकट्याला गाठता येत नाही. म्हणून लसीकरणाची तारीख सगळ्या वस्तीने मिळून एकाच आठवड्यात ठरवणं, आणि लसवाल्याचा खर्च वाटून घेणं, हा तोच पैसा जास्त कामाला लावण्याचा मार्ग आहे.

रोग कळवणाऱ्याला भरपाई देण्यामागेही हाच विचार आहे. १७१४ मध्ये इंग्लंडमध्ये बुळकांडी (रिंडरपेस्ट, गुरांचा जीवघेणा साथरोग) आली तेव्हा राजाचे शल्यवैद्य थॉमस बेट्स यांनी बाधित गुरं मारून मालकांना पैसे द्यायची शिफारस केली. पैसे मिळाले नाहीत तर माणूस आजारी गुरं गुपचूप विकतो, हे त्यांना कळलं होतं.

उशीर किती महाग पडतो ते ब्रिटनमधल्या २००१ च्या लाळ्या-खुरकुतीने दाखवलं. रोग ओळखला जाण्याआधीच बाजारांतून मेंढ्या देशभर पोचल्या होत्या. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. सरकारला तीन अब्ज पौंडांहून जास्त आणि खासगी क्षेत्राला पाच अब्जांहून जास्त फटका बसला, आणि त्यात शेतीबाहेरच्या पर्यटनाचा वाटा मोठा होता. दुसऱ्या टोकाला बुळकांडी आहे. १९२० मध्ये अँटवर्प बंदरातून ब्राझीलला निघालेल्या वशिंडाच्या गुरांमुळे ती बेल्जियममध्ये शिरली, आणि त्या धक्क्यातून १९२४ मध्ये आंतरराष्ट्रीय पशुरोग संघटना उभी राहिली. वॉल्टर प्लोराइट यांच्या लसीने पुढची लढाई शक्य झाली, आणि २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. त्यानंतर तिच्या लसीवर, चाचणीवर, मेलेल्या गुरांवर होणारा खर्च जवळपास थांबला.

आठवी पायरी: वर्षातून एकदा फेरमांडणी

वर्षाअखेरीस सगळे रकाने नव्या आकड्यांनी भरा. यात एक फसगत हमखास होते. लस देऊन सहा वर्षं रोग आला नाही, म्हणून कुणीतरी म्हणतं, "रोगच नाही, मग खर्च कशाला?" आणि हिशेबात साथीची शक्यता शून्य घातली जाते. पण त्या रकान्यात लस नसतानाची शक्यता हवी, आणि तुमच्या गोठ्यातली सहा वर्षं तर लस असतानाची आहेत. तो आकडा मिळतो लस न देणाऱ्या गोठ्यांतून, जनावरांच्या बाजारातल्या बातम्यांतून आणि डॉक्टरांच्या नोंदवहीतून. तिथे चारदोन वर्षांत साथ दिसली असेल, तर रकान्यात तोच आकडा घाला आणि पुढच्या डोसाची तारीख वहीत लिहून ठेवा.